खानदेश नाईनचा शॉर्टस्टॉप

ढाकेभाऊ आधी लिंबू फेकतात आणि मग नमस्कार करतात.

गंमत म्हणून सांगत नाहीये मी. सौदीतल्या दम्मामला आम्ही नुकते आलो होतो, खोकीसुद्धा उघडली नव्हती, आणि मी नि माझा नवरा प्रशांत भाजी घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो होतो. मी कोथिंबीर निवडत होते. एवढ्यात पलीकडच्या कांद्यांच्या ढिगाआडून काहीतरी पिवळं सणसणत आलं आणि थेट प्रशांतच्या छातीवर. प्रशांतनं ते धरलं. कसं धरलं ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही, कारण या माणसाच्या हातात घरी साधा चहाचा कप टिकत नाही. ढिगामागून एक बुटके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले, त्यांनी प्रशांतच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं आणि विचारलं, "मराठी ना भो? शुक्रवारी काय करू राहिले?"

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. भर दुकानात मी त्यांना काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते सगळं ऐकून घेताना भाऊ माझ्याही पायांकडेच बघत होते. माझं संपल्यावर एवढंच म्हणाले की वहिनी, तुम्ही टाचांवर उभ्या राहता, वजन पुढं घ्या, गुडघे दुखायचे थांबतील. माझे गुडघे दुखत होते हे या माणसाला कोणी सांगितलं, या विचारानं मला घरी येईपर्यंत आणखी राग आला.

तर असे ढाकेभाऊ. यशवंत ढाके, मूळचे भुसावळकडचे, दम्मामच्या एका कंपनीत मीटर आणि गेज दुरुस्तीच्या वर्कशॉपचे सुपरवायझर. पण ही त्यांची ओळख फक्त इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर. खरी ओळख अशी की ते बेसबॉल खेळतात. आता तुम्ही म्हणाल, भुसावळचा माणूस आणि बेसबॉल? मीही म्हणाले होते. तिकडे जळगाव-अमरावतीच्या शाळांत पोरं हा खेळ जीव तोडून खेळतात, हे मला पुण्यात राहून ठाऊक नव्हतं. पुण्यात राहून बऱ्याच गोष्टी ठाऊक होत नाहीत, असं भाऊंचं त्यावर म्हणणं पडलं.

इथे दर शुक्रवारी सकाळी, नमाजच्या आधी, शहराबाहेरच्या एका वाळूच्या मैदानावर लीगचे सामने होतात. फिलिपिनो लोकांच्या दोन-तीन टीम, कोरियन इंजिनियरांची एक, निवृत्तीला टेकलेल्या अमेरिकनांची एक, आणि ढाकेभाऊंची एक. तिचं नाव खानदेश नाईन. तिच्यात खानदेशातले म्हणाल तर एकटे भाऊ. बाकी कोल्हापूरचे दोन वेल्डर, एक मल्याळी, एक नेपाळी, बँकेत काम करणारा नाशिकचा तुषार, आमचा प्रशांत वगैरे. सगळ्यांनी कधी ना कधी लिंबू धरलेलं.

भाऊंना जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात: बॉल यायची वाट बघणारी आणि पुढे होऊन घेणारी. माझ्या मामेबहिणीसाठी आलेल्या स्थळाचा व्हिडिओ मी त्यांना सहज दाखवला. मुलगा इंजिनियर, दिसायला चांगला, घरचं चांगलं. भाऊंनी तो सोफ्यावरून उठतानाचा तुकडा पुन्हा पुन्हा बघितला आणि म्हणाले, पोरगा वाईट नाही, पण बॉल पायाशी येईपर्यंत हलायचा नाही. आम्ही हसलो आणि लग्न लावून दिलं. मुलगा अजून त्याच खुर्चीवर बसून बढतीची वाट बघतोय. स्वतःच्या कफीलबद्दल, म्हणजे ज्याच्या हमीवर इथे नोकरी चालते त्या अरब मालकाबद्दल, भाऊ म्हणायचे की तो आउटफील्डचा माणूस, लांब उभा राहतो पण बॉल उडाला तर धावत येतो. आणि पाठकांबद्दल काय, असं विचारलं तर म्हणायचे, "प्रेक्षक." पाठक हे एका फायनान्स कंपनीतले गृहस्थ. त्यांनी आयुष्यात एकदाही बॅट हातात धरलेली नाही, पण दर शुक्रवारी घडीची खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसतात आणि प्रत्येक चेंडूवर मत देतात.

आणि भाऊंचं ते पालुपद: "खालून भो, खालून." जमिनीसरशी येणारा चेंडू घ्यायला आधीच वाकून तयार राहायचं, आयत्या वेळी वाकायला गेलात की तो दोन पायांमधून निसटून जातो. खेळापुरतं हे ठीक आहे. पण प्रशांतचं ऑफिसात साहेबाशी वाजलं तरी खालून, माझी लेक आर्या परीक्षेला घाबरली तरी खालून. आर्या म्हणायची, "अंकल, व्हॉट डझ इट इव्हन मीन?" मग भाऊ आमच्या दिवाणखान्याच्या मधोमध ओणवे होऊन दाखवायचे आणि उठताना सोफ्याचा हात धरायचे.

सामना झाला की मैदानाच्या कडेला भरीत. वांगी जळगावचीच लागायची, हिरवी, पांढऱ्या रेघांची. इथली वांगी म्हणजे पाणी, असं त्यांचं मत. एकदा ते सुट्टीवरून आले तेव्हा विमानतळावर कस्टमच्या माणसानं बॅग उघडली, तर आत कपडे नाहीत, नुसती वांगी. त्यानं विचारलं हे काय. भाऊंना अरबी तीन शब्दांपलीकडे येत नाही. त्यांनी बॅगेतलं एक वांगं उचललं आणि त्याच्याकडे फेकलं. सरकारी माणसाच्या अंगावर वांगं! तुषार बरोबर होता. तो म्हणतो, मला त्या क्षणी माझं फायनल एक्झिट दिसलं, कायमची घरवापसी. त्या माणसानं एका हातानं ते अलगद झेललं. भाऊ खूश होऊन म्हणाले, "शॉर्टस्टॉप." तो काय समजला देव जाणे, पण हसला आणि यल्ला, चला पुढे, म्हणून बॅग सोडली.

या शॉर्टस्टॉपबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. मैदानावर चार बेसचा चौकोन असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये जो उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. सर्वांत जास्त चेंडू त्याच्याकडे येतात, सर्वांत जोरात येतात, आणि त्यानं ते उचलून लांब पहिल्या बेसवर फेकायचे असतात. फलंदाज तिथे पोचायच्या आत चेंडू पोचला तर तो आउट. एवढं कळलं की पुरे; मला तेवढंच कळतं. ही जागा टीम निघाली तेव्हापासून ढाकेभाऊंची. तिथली वाळूसुद्धा त्यांच्या पायांनी बसलेली होती.

त्यांना दुसरं काही नव्हतंच हो. बायको भुसावळला शाळेत मुख्याध्यापिका. एकदा राहायला म्हणून इथे आल्या होत्या. शुक्रवारी पहाटे नवरा बॅटी घेऊन निघून जातो आणि आठवडाभर त्या एकाच सकाळविषयी बोलतो, हे बघून म्हणाल्या की तुमचा संसार इथे छान लागलेला आहे, मला कशाला बोलावलंत. आणि परत गेल्या. चिडून नाही, हसतच गेल्या, पण गेल्या. मुलगा कॅनडात. "तो क्रिकेट बघतो," हे सांगताना भाऊंचा आवाज खाली जायचा.

गेली दोन-तीन वर्षं टीमची रया गेली होती. दोघं फायनल एक्झिटवर गेले, एकाची कंपनीनं यान्बूला बदली केली, चांगला मारणारा दुसरा एक नेपाळी लग्नाला गेला तो आलाच नाही. आम्ही शेवटून पहिले येऊ लागलो. भाऊ म्हणायचे, काळजी करू नका, नवी बांधणी चालू आहे. पाठक हळूच विचारायचे, पाया कधी भरणार? मग या हंगामाच्या मध्यावर लीगच्या कमिटीनं कळवलं की मैदानासाठी नव्या टीम रांगेत उभ्या आहेत. यंदा जी टीम तळाला राहील तिला पुढच्या वर्षी जागा नाही. खलास. म्हणजे ढाकेभाऊंचा शुक्रवारच खलास.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी सगळ्यांना माहीत होती आणि कोणीच बोलत नव्हतं. भाऊंचे गुडघे गेले होते. त्यांच्या उजवीकडच्या चेंडूपर्यंत ते आता पोचत नव्हते. समोरच्या टीमना हे कळलं होतं. ते मुद्दाम तिकडेच मारायचे. चेंडू निघून गेला की भाऊ वळून बघायचे, आणि आम्ही सगळे थर्मासची झाकणं उघडत बसायचो. पाठकसुद्धा गप्प. त्यांना कोण सांगणार, की भाऊ, आता बसा?

या लीगमध्ये एक पद्धत आहे. हंगामाच्या मध्ये एक आठवडा अदलाबदलीचा असतो. कॅम्प बदलतात, ड्यूट्या बदलतात, त्यामुळे दोन टीमनी आपसात ठरवून माणसाला माणूस द्यायचा. एकाला एकच. त्या आठवड्यात भाऊंनी ग्रुपवर लिहिलं की सेबू स्टार्सकडून एक शॉर्टस्टॉप येतोय, नाव जोएल, वय बावीस. बदल्यात कोण जाणार, ते लिहिलं नव्हतं.

झालं. ग्रुपवर हलकल्लोळ. सेबू स्टार्स म्हणजे रोमी नावाच्या फिलिपिनो फोरमनची टीम, आणि रोमी कितीतरी दिवस आमच्या तुषारवर डोळा ठेवून होता. तुषार आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टीममधला एकमेव खरा खेळाडू. तुषारची बायको मला फोन करून रडकुंडीला आली. पाठकांनी तुषार दिला तर टीमचं काय होईल यावर लांबलचक लिहिलं. आमचा प्रशांत वेगळ्याच तंद्रीत. त्याला वाटत होतं की आपल्यालाच देणार. दोन दिवस तो आरशासमोर खांदे ताणून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं की भाऊ आपल्याला देऊन टाकतायत म्हणजे आपण नकोसे झालोय, आणि तो जेवला नाही. मी भाऊंना फोन लावला. उचलला नाही. बावीस वर्षांच्या पोरासाठी आमची माणसं विकतायत काय, अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

शुक्रवारी सगळे जरा लवकरच मैदानावर. तुषार आमच्या शर्टात उभा होता. प्रशांतही आमच्याच शर्टात, जरा हिरमुसलेला. सगळे होते. आणि त्या जागेवर, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, एक किडकिडीत पोरगा च्युइंगम चघळत उभा. एका कानात बाळी, केस डोळ्यांवर. डोनटच्या दुकानात काम करतो म्हणे.

आम्ही तोलायला सुरुवात केली. पाठक म्हणाले, खांद्यात ताकद नाही. तुषारच्या बायकोचं म्हणणं, झोप झालेली दिसत नाही. मी म्हटलं, केस बांधायला रबर देऊ का? पहिलाच चेंडू त्याच्याकडे गेला, त्यानं आरामात हात घातला आणि चेंडू त्याच्या मनगटावर आपटून लांब उडाला. पाठकांनी कपाळावर हात मारला. सोन्यासारखी टीम बुडवली म्हाताऱ्यानं, असं ते म्हणाले. मी पहिल्यांदाच पाठकांशी सहमत झाले. पण तो म्हातारा आहे कुठे?

"मॉम," आर्या म्हणाली, "अंकल तिकडे आहेत."

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला सेबू स्टार्सचा बाक. पुढचा सामना त्यांचा होता, म्हणून ते येऊन बसले होते. हिरव्या शर्टातल्या पंधरा फिलिपिनो पोरांमध्ये एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस. शर्ट हिरवा. पोटावर ताणलेला.

मला आधी कळलंच नाही. डोळ्यांना दिसतंय आणि डोक्यात शिरत नाहीये, असं झालं. प्रशांत मैदानाच्या मध्यावर उभा होता. त्यानंही तिकडे बघितलं आणि त्याच्या बाजूनं चेंडू गेला तो त्याला दिसलासुद्धा नाही. आमच्या रांगेतले सगळे माना वळवून तिकडे बघू लागले. आर्याच शेवटी म्हणाली, "ही ट्रेडेड हिमसेल्फ?"

डाव संपेपर्यंत मी कशीबशी बसले. मग उठले आणि मैदानाला वळसा घालून तरातरा तिकडे गेले. प्रशांत मागून थांब थांब म्हणत होता. मी भाऊंसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं की हा काय प्रकार आहे. ते उठून उभे राहिले. मोठ्या माणसासमोर पोरानं उभं राहावं तसे.

म्हणाले, रोमीला तुषार हवा होता. तुषार कसा देणार? पोराचं आत्ता कुठं मनगट बसू राहिलं. मग रोमी म्हणाला, तुमच्याकडं दुसरं आहे काय? "म्हटलं, मी आहे. तो हसला आधी. मग विचार करून म्हणाला, माझ्या पोरांना खालचा बॉल मारता येत नाही, शिकवशील का? घेतलं त्यानं, वहिनी. या वयाच्या माणसाला कोणी घेतं का? पण घेतलं."

यात अभिमान होता. खराखुरा. तो बघून मी आणखी चिडले. मी म्हटलं, भाऊ, टीम तुमची आहे, तुम्ही नुसतं खेळणं थांबवायचं, बाकावर बसून सांगायचं. त्यासाठी शत्रूकडे जायची काय गरज होती?

"बाकावर बसलो असतो तं पुढच्या शुक्रवारी कोणी कमी पडलं असतं, अन् मी पुन्हा तिथं जाऊन उभा राहिलो असतो," ते म्हणाले. "मी स्वतःहून काही निघालो नसतो वहिनी. अन् तुमच्यापैकी कोणी मला काढलं नसतं. कोणी एक शब्द बोललं नसतं."

मी परत आले. त्या दिवशी भरीत नव्हतं. सगळ्यांनी दुकानातली खबूस रोटी आणि डाळ खाल्ली आणि लवकर घरी गेले.

संध्याकाळी भाऊ ग्रुपमधून बाहेर पडले. आता आपण दुसऱ्या टीमचे, तुमची बोलणी वाचणं बरोबर नाही, एवढं लिहून. तुषारला कॅप्टन केलं. तो रोज मला विचारायचा, भाऊंना फोन करू का? आणि मीच नको म्हणायचे, कारण भाऊ सांगणार नाहीत हे मला माहीत होतं. बेइमानी हा शब्द त्यांच्याकडे फक्त खेळाच्या संदर्भात होता, पण तिथे तो फार मोठा होता.

एकदा भाजीच्या दुकानात ते मला भेटले. टोपलीत इथलीच, पाणचट वांगी. रोमीच्या पोरांना भरीत आवडतं का, असं मी खवचटपणे विचारलं. म्हणाले, त्यात व्हिनेगर घालतात. त्यांच्या चेहऱ्यावर जी अवकळा आली ती बघून माझा अर्धा राग तिथेच उतरला. आमच्या टीमबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. निघताना फक्त म्हणाले, "त्या पोराचे तळवे सोलले आहेत. त्याला तेल लावायला सांगा. आई नाही इथं त्याची."

पोरगा म्हणजे जोएल. त्याच्याबद्दल सांगायचं तर, हळूहळू आमची मतं बदलत गेली, आणि ती किती निर्लज्जपणे बदलली हे मी इथे प्रामाणिकपणे लिहिते आहे. दुसऱ्या शुक्रवारी त्यानं दोन चेंडू पकडले. पाठक म्हणाले, नशीब. तिसऱ्या शुक्रवारी असा एक चेंडू त्यानं आडवं पडून उचलला आणि गुडघ्यांवर बसूनच फेकला की कोरियन लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पाठक म्हणाले, मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, खांदा बघा त्याचा. मी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावलं तेव्हा तो लाजून दुसरीकडे बघत होता. भाकरी हातानं तोडायला शिकला. आम्ही एक जिंकलो, एक हरलो, पुन्हा एक जिंकलो. शेवटच्या दोन टीममधली आमची तळाला राहणार की दुसरी, हे शेवटच्या सामन्यावर आलं. जिंकलो तर टीम राहणार. हरलो तर खानदेश नाईन बंद. सामना सेबू स्टार्सशी. त्यांचं स्थान कधीच पक्कं झालेलं होतं, जिंकून-हरून त्यांना काही फरक पडणार नव्हता.

त्या दिवशी वाळू उडत होती. सगळी बायकापोरं तोंडाला ओढण्या-रुमाल बांधून बसलेली. सामना रडतखडत शेवटापर्यंत आला आणि आम्ही एका रननं पुढे होतो. त्यांची शेवटची पाळी. दोन आउट. पण त्यांचा एक धावपटू तिसऱ्या बेसवर उभा, आत आला की बरोबरी, आणि त्यांचे पुढचे मारणारे दांडगे. आम्हाला फक्त एक आउट हवा होता.

रोमीनं फलंदाज बदलला. बाकावरून ढाकेभाऊ उठले.

आजवर त्यानं त्यांना एकदाही खेळवलं नव्हतं. नुसतं शिकवायला ठेवलं होतं. आज का? पण का ते उघड होतं. तुषारला चेंडू टाकायला भाऊंनीच शिकवलं. त्याचा कोणता चेंडू कधी येतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? तुषारनं मागे वळून आमच्याकडे बघितलं. भाऊ बॅट घेऊन जागेवर आले, वाकले, आणि त्यांचा आवाज वाऱ्यातूनही ऐकू आला.

"टाक ना भो. नीट टाक."

तुषारनं नीट टाकला. खाली, कोपऱ्यात, त्याचा सर्वांत चांगला. आणि भाऊंनी तो मारला. सोडून देण्यासारखं, हळूच टोलवण्यासारखं काही नाही. पूर्ण अंग घालून, अंगातलं होतं नव्हतं ते सगळं लावून मारला. बॅटचा आवाज असा झाला की मी उभीच राहिले. चेंडू वाळूला घासत सुसाट गेला, शॉर्टस्टॉपच्या उजवीकडे, त्याच त्या रिकाम्या जागेत, जिथून आमचे सगळे सामने वर्षानुवर्षं निसटून गेले होते.

मला वाटलं, संपलं.

जोएल तिथे होता. कधी गेला ते मला दिसलं नाही. तो आधीच वाकलेला होता, चेंडू त्याच्या हातात होता आणि मग नव्हता. भाऊ पहिल्या बेसकडे धावत होते. त्यांचं ते धावणं, एक पाय ओढत, मिशा वाऱ्यावर. ते अर्ध्यातही पोचले नव्हते तेव्हा चेंडू पोचला. आउट. आमची माणसं किंचाळली, पाठकांची खुर्ची उलटी झाली, प्रशांतनं तुषारला उचललं. टीम वाचली.

भाऊ थांबले नाहीत. आउट झाल्यावरही बेसपर्यंत धावायचं, असं तेच सगळ्यांना शिकवायचे. ते तसेच लंगडत गेले, बेसवर पाय ठेवला, मग वळले, मान खाली घालून धापा टाकत चालत आले आणि आमच्या बाकावर येऊन बसले. सवयीनं. बुटाच्या नाड्या सोडायला लागले. एक बूट काढून झाला तेव्हा त्यांना स्वतःच्या अंगावरचा हिरवा शर्ट दिसला.

ते घाईघाईनं उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसा म्हटलं. पलीकडून रोमी बघत होता. त्यानंही हातानं राहू दे, राहू दे केलं. मी त्यांच्या शेजारी बसले. समोर सगळे जोएलला खांद्यावर घेऊन नाचत होते. भाऊ त्याच्याकडेच बघत होते. त्यांचा श्वास अजून बसला नव्हता.

"जोरात होता ना वहिनी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खूप जोरात होता.

"यापेक्षा चांगला मला आता मारता येत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं मी असतो ना, तं तो बॉल गेला असता. आज आपली टीम गेली असती."

माझ्या तोंडावर आलं होतं की छे हो भाऊ, काहीतरीच काय, तुम्ही पण पकडला असता. नेहमीचं. इतकी वर्षं हेच तर म्हणत आलो होतो आम्ही. पण या माणसानं ते एकदा खरं ऐकायला मिळावं म्हणून स्वतःला देऊन टाकलं होतं, आणि आता तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. मला एकदम रडू फुटलं. मी ते लपवलं नाही.

"हो भाऊ," मी म्हटलं. "गेली असती."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग वाकून त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, पाय वाळूत मोकळे पसरले, आणि मला म्हणाले की पोराला खाली उतरवायला सांगा, वाऱ्यात घाम बसला तर खांदा धरेल त्याचा.